कापूस-सोयाबीनच्या घरात रेशीम आणायचंय? आधी घराचं वेळापत्रक ठरवा

कापूस माणसाला चार दिवस मोकळे देतो. फवारणी आज राहिली तर उद्या होते, लग्नाला जाऊन आलं तरी पीक जागेवर असतं. रेशीमकीटक शेवटच्या आठ दिवसांत सहा तासही सोडत नाहीत. मराठवाडा-विदर्भात एक एकर तुती लावून पुढे शेड रिकामं पडलेलं दिसतं, तिथे पाल्याची कमतरता क्वचित असते. पाला उभा असतो, तो कापायला आणि घालायला माणूस नसतो, किंवा ज्याला सगळं माहीत आहे तो नेमका तालुक्याला गेलेला असतो. म्हणून इथे लागवडीइतकंच घराबद्दल लिहिलं आहे.

बघायला कुणी जायचं

बहुतेक घरांत पोरगा एकटा जातो, कोष उतरवण्याच्या दिवशी जातो, आणि पांढऱ्याशुभ्र कोषांचे ढीग बघून येतो. त्या दिवशी कुणाचंही शेड चांगलंच दिसतं. जायचं ते पाचव्या, म्हणजे किड्यांच्या शेवटच्या, अवस्थेच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, पहाटे, आणि जोडीने. आई किंवा चुलती घरातल्या कामाची घडी ठरवत असेल तर तीही सोबत हवी. पहाटेची फांद्यांची कापणी, भारे वाहणं, रॅकवर पाला पसरणं हे सगळं बघितलं की कुणाच्या वाट्याला काय येणार हे सांगावं लागत नाही. जमलं तर त्याच शेतकऱ्याकडे शेवटचे आठ दिवस कामाला जा. तेवढ्यात घरातला निम्मा वाद मिटतो, किंवा नीट सुरू तरी होतो.

शेड चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती बॅच घेतल्या आणि किती वाया गेल्या? वाया गेल्या त्या कोणत्या महिन्यात? शेवटच्या आठवड्यात घरचे किती आणि मजूर किती होते? भाव विचारू नका, तो बाजाराच्या फलकावर रोज मिळतो.

घरात आधी बोलून घ्यायच्या गोष्टी

माळकरी घर असेल तर हा विषय लपवू नका: कोषातून धागा काढण्याआधी आतला कोषित (कोषात गेलेला किडा) वाफेने किंवा गरम हवेने मारला जातो. ते काम खरेदी करणाऱ्याकडे होतं, शेतकऱ्याच्या शेडमध्ये होत नाही. पण आजीला हे वर्षभराने शेजारणीकडून कळलं तर शेड कायमचं अपशकुनी ठरतं. आधी सांगा. नको म्हणाले तर दुसरा जोडधंदा शोधा, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाविरुद्ध चालवलेली बॅच पहिल्या रोगातच बंद पडते.

दुसरी गोष्ट तंबाखूची. निकोटीन किड्यांना मारतं. तंबाखू मळलेल्या हाताने पाला घातला तर त्या जागेवरचे किडे तोंडातून द्रव सोडून आकसतात. ज्यांना दिवसभर चुना-तंबाखू लागते त्यांना शेडमधलं काम देऊच नका, फांद्या कापून आणणंही नको. त्यांना पाण्याची मोटर, बैलं, बाजाराची ने-आण द्या. डासांची कॉइल आणि लिक्विड मशीन शेडजवळच्या खोलीत चालत नाही, किड्यांना तेही विषच. उदबत्ती-धुपाचा धूरही आत नेऊ नका. जनावरांना गोचिडाचं औषध ज्याने लावलं त्याने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकू नये. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं.

काही घरांत पाळीच्या दिवसांत बाईला शेडबाहेर ठेवतात. किड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. जंतुनाशक द्रावणात हात-पाय धुऊन आत जाणं हा नियम मात्र पाहुण्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना सारखा लागू.

तिसरी गोष्ट शेजारी. तुतीच्या वाऱ्याच्या अंगाला त्याचा कापूस असेल तर तो फवारणी करणारच, आणि करणं हा त्याचा हक्क आहे. जागा निवडतानाच मध्ये अंतर ठेवा, बांधावर उंच ज्वारी किंवा शेवरीच्या दाट ओळी लावा आणि त्याच्याशी एवढंच ठरवा की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी एक फोन करायचा. फोन आला की त्या बाजूच्या कडेच्या ओळींचा पाला त्या बॅचला वापरायचा नाही. घरच्याच कपाशीलाही हाच नियम.

एकच एकर

बाकी शेती होती तशी राहू द्या. पहिल्या दोन वर्षांत घरचा खर्च सोयाबीन, कापूस, तूर यांवरच चालला पाहिजे. मनरेगातून तुती आणि शेडसाठी मजुरी व साहित्याचा खर्च मिळत आला आहे, पण तो कामाच्या टप्प्यांप्रमाणे तीन वर्षांत येतो. त्याच्या भरवशावर सावकाराकडून पैसे उचलू नका. या योजनेसाठी जॉबकार्ड लागतं आणि अल्पभूधारकासारख्या पात्र गटात बसावं लागतं. त्यात न बसणाऱ्यांसाठी केंद्राची सिल्क समग्रसारखी योजना असते. नोंदणी महारेशीम अभियानाच्या काळात जिल्हा रेशीम कार्यालयात होते, चालू दर तिथेच विचारा.

जमीन निचऱ्याची हवी. पाणी फेब्रुवारीनंतरही आठवड्याला देता आलं पाहिजे. ते नसेल तर इथेच थांबा. व्ही-१ जातीची तीन-चार महिन्यांची रोपं जून-जुलैत जोडओळीत, ५ × ३ × २ फूट अंतरावर लावा. एकरी ५,४०० च्या आसपास रोपं बसतात. कांडी थेट शेतात लावली तर तूट पडते आणि तुटाळ्या भरण्यात वर्ष जातं, म्हणून रोपवाटिका. बाग जमल्यावर वर्षाला एकरी ८ टन शेणखत दोन हप्त्यांत आणि नत्र-स्फुरद-पालाश १४०:५६:५६ किलो पाच छाटण्यांवर वाटून, ही पूर्ण बागायती शिफारस आहे. पहिल्या वर्षी निम्म्याने पुरतं. नीट राखलेली बाग १२ ते १५ वर्षं पाला देते.

शेड ५० × २२ फुटांचं, लांबी पूर्व-पश्चिम, चारही बाजूंनी वारा खेळता, खिडक्या-दारांना उझी माशी (किड्यांवर अंडी घालणारी) आत येऊ नये म्हणून बारीक जाळी आणि दाराशी दुहेरी पडदा. आत ४० × ५ फुटांचे दोन रॅक, चार मजले. म्हणजे १,६०० चौरस फूट बिछाना झाला. शंभर अंडीपुंजांना (एक पुंज म्हणजे एका मादी पतंगाची अंडी) शेवटच्या अवस्थेत ६०० ते ७०० चौरस फूट लागतात, त्यामुळे या शेडची मर्यादा २०० ते २५०. पण पहिली बॅच १०० चीच घ्या. कार्यालयातून जास्त घ्यायचा आग्रह झाला तरी.

तारीख उलटी मोजा

नव्या घरांत हेच सर्वांत जास्त चुकतं. लोक चॉकी (केंद्रात वाढवलेले लहान किडे) कधी मिळते ते विचारतात आणि मिळाली की आणतात. मोजणी उलट दिशेने करायची: पाचवी अवस्था कोणत्या तारखांना येईल, आणि त्या आठ दिवसांत घरात कोण असेल.

चॉकी केंद्रातून दुसरा मोल्ट (कात टाकणं) झालेले किडे आणले तर तिसरी अवस्था मोल्ट धरून साधारण चार दिवसांची, चौथी पाच ते सहा, पाचवी सात ते आठ दिवसांची. चंद्रिकेवर (किडे कोष विणतात ती चौकट) चढल्यापासून सहाव्या दिवशी कोष काढायचे. सगळे मिळून २२ ते २४ दिवस. थंडीत तीन-चार दिवस वाढतात. घरी आणल्याच्या दिवसापासून दहावा ते अठरावा हे दिवस सगळ्यात जड, कारण एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाला किडे पाचव्या अवस्थेत खातात. शंभर अंडीपुंजांना पूर्ण बॅचमध्ये टनभराहून थोडा जास्त नुसता पाला लागतो आणि ऐन भरात दिवसाला दीडशे किलोच्या पुढे. फांद्यांसकट वजन याहून बरंच जास्त भरतं, आणि भारे डोक्यावर तेच वाहायचे असतात.

समजा सोयाबीन ५ ऑक्टोबरच्या सुमारास काढणीला येईल असं दिसतं आहे. मग चॉकी ५ सप्टेंबरपर्यंत आणा, कोष २९ पर्यंत उतरतात. पाचवी अवस्था १५ सप्टेंबरच्या आसपास सुरू होईल आणि तिला छाटणीनंतर ५० ते ६० दिवस वाढलेला पाला लागतो, म्हणजे तुतीची छाटणी २० जुलैच्या आसपास. छाटणीची तारीख चुकली की पुढचं सगळं घसरतं, आणि मग किडे पाचव्या अवस्थेत आणि सोयाबीन शेंगा फुटण्याच्या बेतात, अशी गाठ पडते. मजूर सोयाबीनला जातात. ज्या घराने हे आधी मांडलेलं नसतं ते त्या आठवड्यात दोन्हीकडे अर्धवट राहतं.

वर्षाला चार ते पाच बॅच बसतात. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात पहिल्या वर्षी बॅच घेऊच नका. तो काळ लग्नांचा, माहेरी जाण्याचा आणि शेड दुरुस्तीचा ठेवा. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाचव्या अवस्थेचे आठ दिवस लाल पेनाने घेरा. त्यात पोळा, गौरी किंवा कुणाच्या साखरपुड्याची तारीख पडत असेल तर छाटणी आठवडाभर मागेपुढे करा. सण टाळायला लावणारा धंदा घरातल्या बायका फार दिवस चालू देत नाहीत, आणि बरोबर करतात.

कामाची वाटणी: नाव आणि वेळ

“सगळे मिळून करू” असं ठरवू नका. सगळे मिळून म्हणजे शेवटी सून. शंभर अंडीपुंजांना शेवटच्या आठवड्यात तीन माणसं पूर्ण वेळ लागतात. त्यांची वेळ अशी पडते:

पहाटे साडेपाच ते आठ: फांद्या कापून आणणं, दोघं. दिवसाचा निम्म्याहून जास्त पाला याच वेळी आणून पालाघरात उभा ठेवायचा, वर ओलं गोणपाट. पानांवर पाणी राहू द्यायचं नाही.
सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री साडेआठ: पाला घालणं, दोघं, प्रत्येक वेळी सुमारे दीड तास.
संध्याकाळी पाच: उरलेली कापणी.
दर तीन-चार तासांनी: तापमान आणि आर्द्रता बघून वहीत लिहिणं. हे काम आजोबांना किंवा दहावीतल्या पोरीला उत्तम जमतं. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत २५-२६ अंश आणि ७० ते ७५ टक्के, पाचवीत २४-२५ अंश आणि ६५ ते ७० टक्के हवेत.

शेड सांभाळणाऱ्या बाईचं रोजचं दुसरं एक काम त्या आठ दिवसांसाठी दुसऱ्या कुणाकडे गेलं पाहिजे, आणि ते कोणतं हे नाव घेऊन ठरलं पाहिजे. भाकरी, धार काढणं, पोरांचा डबा, यापैकी एक. हे ठरलं नाही तर दुपारचा पाला उशिरा पडतो. दुसऱ्या बॅचला ती मोल्टकडे लक्ष देईनाशी होते. त्याला आळस म्हणणं सोपं असतं.

कोषांवरची सैल जाळी काढणं, डागी आणि जोडकोष (दोन किड्यांनी मिळून विणलेला कोष) वेगळे करणं ही बसून करायची कामं म्हाताऱ्या माणसांची. त्यांची नजर बारीक असते आणि बाजारातला भाव या निवडणीवर बराच हलतो.

मोल्ट ओळखायला किमान दोघं शिका

किडा कात टाकायला बसतो तेव्हा डोकं वर धरून स्थिर राहतो. ८० ते ९० टक्के किडे बसले की पाला बंद, बिछान्यावर चुन्याची पातळ धुरळणी, वारा खेळता. ९५ टक्के उठेपर्यंत पुन्हा पाला घालायचा नाही. आधी उठलेले भुकेने हलताना दिसतात, जीव कळवळतो आणि कुणीतरी मूठभर पाला टाकतं. तेवढ्याने बॅच पुढे-मागे होते, आणि शेवटी निम्मे किडे चंद्रिकेवर जायला तयार असताना निम्मे अजून खात असतात. सगळे उठले की पहिला पाला घालण्याच्या अर्धा तास आधी विजेता ही बिछान्यावर टाकायची जंतुनाशक पावडर, चौरस फुटाला साधारण ५ ग्रॅम, आणि पाचव्या अवस्थेत चौथ्या दिवशी पुन्हा एकदा.

हे एकट्यालाच येत असेल तर तो आजारी पडला त्या दिवशी बॅचही आजारी पडते. म्हणून तिसऱ्या अवस्थेचा मोल्ट एकाने बघावा आणि चौथ्याचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा, पहिल्याने मध्ये बोलू नये.

पिकलेला किडा खाणं सोडतो, अंग पिवळसर पारदर्शक होतं आणि डोकं वर करून फिरतो. चंद्रिकेवर चौरस फुटाला ४० ते ५० किडे, त्याहून दाट टाकले की जोडकोष आणि डाग. या दोन दिवसांत हात कमी पडले तर भावकीला बोलवा, पण तंबाखूचा प्रश्न त्यांनाही विचारा.

बॅचआधीचं निर्जंतुकीकरण

चॉकी येण्याच्या पाच दिवस आधी शेड धुऊन, वाळवून १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर आणि ३० ग्रॅम विरलेला चुना या प्रमाणात फवारा. ५० × २२ च्या शेडला जवळपास २०० लिटर द्रावण लागतं, भिंती, छत, रॅकच्या खालची बाजू सगळं ओलं झालं पाहिजे. तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा हवा. पावडर सीलबंद पुडीतली घ्या, उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. पंप वेगळा, नवा. तणनाशकाचा किंवा कीटकनाशकाचा पंप तीनदा धुतला तरी चालत नाही. शेडचा पंप शेतावर नेऊ नये म्हणून त्याला वेगळ्या रंगाचा पट्टा मारा, कारण घाईच्या सकाळी जो पंप हाताला लागतो तोच नेला जातो.

बिघडलं तर वहीकडे बघा

मेलेला किडा काय चुकलं ते सांगतो. अंग सुजलेलं, सांधे फुगलेले, कातडं चकचकीत, कडेकडेने फिरतो आणि फुटला की पांढरट द्रव येतो: ग्रासरी, मूळ अपुऱ्या निर्जंतुकीकरणात किंवा तापमानाच्या चढउतारात. मऊ पडून काळवंडतो, वास येतो: फ्लॅचरी, म्हणजे पाला ढिगात तापला किंवा शेड कोंदट राहिलं. मेल्यावर कडक आणि पांढरा होतो: मस्कार्डीन, ओला पाला आणि जास्त आर्द्रता. आणि काही तासांतच रॅकच्या एकाच पट्ट्यातले किडे ओकून आकसले तर विषबाधा, मग त्या खेपेचा पाला कुठल्या ओळीतून आला ते शोधा. रोगट किडे काडीने उचलून ब्लीचिंगच्या द्रावणात टाका, नंतर पुरा. कोंबड्यांना घालू नका, रोग अंगणभर पसरतो.

वहीत तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, पाला कुठून आणला आणि कुणी घातला एवढंच लिहायचं. नाव लिहायचं ते दोष देण्यासाठी नव्हे. वही नसलेल्या घरात दोष आपोआप सगळ्यात नव्या माणसावर जातो. वही असली की रात्री एक वाजता तापमान ३१ होतं आणि खिडक्या बंद होत्या हे दिसतं.

पैसा कुठे जातो

चांगली बॅच शंभर अंडीपुंजांना ६० ते ८० किलो कोष देते. पहिल्या बॅचला ४० मिळाले तरी नाराज होऊ नका. कोष सहाव्या दिवशी काढून हवेशीर गोणीत, रात्रीच्या गारव्यात न्या. जालना आणि बारामतीला बाजार आहे, कर्नाटकात रामनगरला मोठा. ढिलाई झाली तर दहा-बारा दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि तो कोष धाग्याच्या कामाचा राहत नाही.

बाजाराचे पैसे बँकेत येतात. कुणाच्या खात्यात, हे लागवडीआधी ठरवा. सोपा मार्ग म्हणजे नवरा-बायकोचं संयुक्त खातं, फक्त रेशीमसाठी. त्यातून आधी चॉकी, पावडर, मजुरी आणि पुढच्या बॅचचा खर्च बाजूला काढा. उरलेल्यातून शेडमध्ये काम केलेल्या प्रत्येक घरच्या माणसाला हजेरीप्रमाणे गावातल्या मजुरीच्या दराने पैसे द्या, सासूलाही आणि सुनेलाही. त्यानंतर जे राहतं तोच नफा. घरची मजुरी फुकट धरून काढलेला नफा खोटा असतो, आणि त्याच्या जोरावर दुसरा एकर लावला की माणसं थकतात. सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज करता येतो. हे काम उन्हाळ्यात, शेड रिकामं असताना करून टाका.

थांबायचं कधी

चार बॅच झाल्यावर वही आणि पासबुक समोर ठेवून बसा. चारपैकी दोन बॅच ५० किलोच्या वर गेल्या आणि घरची मजुरी वजा करूनही काही उरलं असेल तर अंडीपुंज १५० करा, एकर वाढवू नका. चारही पडल्या आणि कारण दरवेळी वेगळं असेल तर अजून शिकणं चालू आहे, आणखी दोन घ्या. कारण दरवेळी एकच असेल, उदाहरणार्थ शेवटच्या आठवड्यात माणूस नसणं, तर ते पुढेही बदलणार नाही. अशा वेळी तुती उपटायची घाई करू नका. तिचा पाला शेळ्या आवडीने खातात, त्यात प्रथिनं भरपूर असतात, आणि चार-पाच शेळ्यांच्या गोठ्याला शेडचा एक कोपरा पुरतो. फक्त गोठा केल्यावर तिथे पुन्हा कधी बॅच घ्यायची ठरली तर आधी गोचिडाचं औषध शेवटचं कधी मारलं ते तपासा.